वार कोणता?

हार्लो कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाला शंभर वर्षं होणार होती, म्हणून आजवरच्या पाच सर्वांत थोर लाइनबॅकरांच्या तसबिरी व्यायामशाळेच्या भिंतीवर लावायचं ठरलं. ते पाच कोण, हे छातीठोक सांगेल असा एकच माणूस गावात उरला होता. तो म्हणजे लायल ब्रुनर.

लायल खेळाडू नव्हता आणि प्रशिक्षकही नव्हता. एकेचाळीस वर्षं त्यानं पोरांचे घोटे पांढऱ्या चिकटपट्टीनं बांधले, खांदे चोळले, फुटलेल्या नाकांत कापूस कोंबला. डॉक्टरकीचा एक कागद त्याच्याकडे नव्हता, तरी अख्खं गाव त्याला डॉक म्हणायचं. त्याच्या टेबलावर लाइनबॅकर सगळ्यांत शेवटी यायचे, लग्नातल्या व्याह्यांसारखे ऐटीत. त्यांचं काम काय? पुढच्या फळीमागे उभं राहायचं, डोळ्यांत तेल घालून बघायचं, आणि चेंडू ज्याच्या काखेत दिसेल त्याच्यावर डोकं खाली घालून तुटून पडायचं. आमच्या आयोवात पोरगा जन्मला की आधी मान किती जाड आहे ते बघतात, ते उगाच नाही.

लायलनं चार नावं झरझर लिहिली. त्यातले दोघे आता नव्हते. एक चौपन्नाव्या वर्षी स्वतःच्या गॅरेजमध्ये गेला. कसा गेला ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी विचारलं नाही. पाचवं नाव खरं तर पहिलं होतं, रँडी कोव्हार. ते लिहायला पेन टेकलं की लायलच्या नाकात अमोनियाचा वास शिरायचा. मेला वास तो! पोरं बेशुद्ध पडली की शुद्धीवर आणायला कुपी फोडून नाकाशी धरायचा तो. निवृत्तीनंतर त्यानं त्या वासाचं फरशी पुसायचं औषधसुद्धा घरात येऊ दिलं नव्हतं. तरी दुपारचे चार वाजले, सरावाची वेळ झाली, की खिळ्यांच्या बुटांचा खडखडाट ओसरीवर चढायचा. दार उघडावं तर कुणीच नसायचं. यावर लायल कुणाशी बोलला नाही. बोलणार तरी काय, कप्पाळ!

मंगळवारी सकाळी दारावर थाप पडली. बाहेर नदीन कोव्हार, रँडीची बायको. हात रिकामे. आमच्याकडे कुणी कुणाच्या दारी जाताना निदान चार कोलाची, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, तरी रुमालात बांधून नेतं. नदीनच्या कोलाचीतलं खसखशीचं सारण तर गावात नावाजलेलं. ती रिकाम्या हातानं आलेली बघून लायलनं खुर्ची पुढे ओढली.

"डॉक, मी बसणार नाही," ती म्हणाली. "एकच विचारायला आलेय. रँडी मुळातलाच असा आहे, की त्याचं असं झालं?"

"असा म्हणजे?"

"वेड पांघरू नका हो! सगळ्या गावाला माहितीय. ताटं फेकतो, भिंतीला भोकं पाडतो. नऊ वर्षांपूर्वी कॉलीनवर हात उगारला, तेव्हापासून पोर घराची पायरी चढली नाही. ती म्हणते, बाबा दुष्टच आहेत, तू पांघरूण घालतेस. मी म्हटलं, अगं, खेळात डोक्याला लागलं असेल. तर म्हणते, डोळ्यांनी बघितलेला एक माणूस आण."

मग तिनं पर्समधून एक कागद काढला. कॉलेजच्या दप्तरातली नक्कल, सन एकोणऐंशी, मर्टनविरुद्धचा सामना. 'डोकं ठीक. खेळण्यास योग्य.' खाली लायलची तिरकी सही.

"अजून तो तिला ओळखतो," नदीन म्हणाली. "उन्हाळ्यापर्यंत ओळखेलच असं डॉक्टर म्हणत नाहीत. मला पोर घरी यायला हवी, डॉक. बाकी काही नको."

लायलनं टोपी घेतली आणि तिच्यामागून निघाला.

रँडी स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. मान अजून बैलासारखी होती, पण वरचा चेहरा कुणीतरी रिकामा करून ठेवलेला. लायलला बघून तो खुलला.

"अरे डॉक! ये ये. माझा घोटा नीट बांधशील ना?"

"तुझ्या जन्माआधीपासून बांधतोय," लायल थट्टेनं म्हणाला आणि समोर बसला. जुन्या सवयीनं तोंडातून गेलंच. "रँडी, वार कोणता?"

"शनिवार!" रँडी ताडकन म्हणाला, वर्गात पहिला आलेल्या पोरासारखा.

"रोज हेच सांगतो," नदीन हळूच म्हणाली. "हा कोणता खुळा हट्ट ते कळत नाही."

लायलला कळलं होतं.

"कॉलीनला फोन लाव," तो म्हणाला. "आत्ता. पुन्हा माझ्याच्यानं व्हायचं नाही."

नदीननं फोन लावून त्याच्या हातात दिला.

"कॉलीन, मी लायल ब्रुनर. मधे बोलू नकोस, नाहीतर मी थांबेन. एकोणऐंशी सालच्या सामन्यात दुसऱ्या सत्रात तुझ्या बाबांचं डोकं मर्टनच्या एकाच्या गुडघ्यावर आपटलं. पडला. उठला तो थेट मर्टनच्या बाकाकडे चालत गेला आणि त्यांच्या पोरांत जाऊन उभा राहिला. लोक खो खो हसले. मी हाताला धरून आणला. एक डोळा बरा होता. दुसऱ्यातली बाहुली ही एवढी मोठी, कोटाच्या बटणाएवढी. आमचे तीन प्रश्न असायचे. नाव काय, समोर कोण, वार कोणता. नाव त्यानं सांगितलं. समोर कोण ते फलकावर बघून वाचलं. आणि वार शनिवार. अगं, कॉलेजचा सामना शनिवारीच असतो. प्रेताला विचारलं असतं तरी शनिवारच म्हणालं असतं! मला ठाऊक होतं तो काही ओळखत नाहीये. मी कुपी फोडली, नाकाशी धरली आणि पुन्हा मैदानात पाठवला. असं एकदा नाही. त्या वर्षात चारदा पाठवला. प्रत्येक वेळी लिहिलं, डोकं ठीक."

"त्याच दिवशी मी एकवीस जण आडवे केले म्हणे," रँडी टेबलाशी बसल्या बसल्या कौतुकानं म्हणाला. "न्हाव्याकडे सगळे सांगतात. मला तर एकही आठवत नाही."

नदीननं तोंडावर हात दाबला आणि ओट्याकडे तोंड फिरवलं.



"तेव्हा का नाही बोललात?" कॉलीननं विचारलं.

"आम्ही हरत होतो."

"कितीने?"

लायलला खोटं सांगावंसं वाटलं. वीस म्हणावं, पंचवीस म्हणावं.

"तीन गुणांनी," तो म्हणाला.

पलीकडे ती रडत होती की काय, कळायला मार्ग नव्हता. मग ती अगदी सरळ आवाजात बोलली. "आईला सांगा, उद्या दुपारी येते. आणि मिस्टर ब्रुनर, तुम्ही तिथे असू नका. उद्याच नाही, मी जेव्हा जेव्हा येईन तेव्हा."

"बरं," लायल म्हणाला. त्यानं फोन नदीनकडे दिला.

"कोण होतं रे?" रँडीनं विचारलं.

"तुझी कॉलीन. उद्या घरी येतेय."

रँडी खुर्चीतून अर्धा उठला. त्याचा चेहरा भरून आला, त्यात माणूस परत आला. "माझी कॉलीन? खरंच? नदीन, ऐकलंस का? कोलाची कर भरपूर." मग त्यानं लायलचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "डॉक, तू पण ये हं. तू नसलास तर कसं चालेल? माझी काळजी घेणारा तूच एक."

"मला उद्या काम आहे रे," लायल म्हणाला आणि हात सोडवायला लागला. रँडी काही केल्या सोडेना.