खाचेवरची पट्टी

कॉम्प्युटरमध्ये शिरलेली पीडा हुडकून काढायची, हे काम मी पुढे जन्मभर केलं. आता तरुण मुलं व्याख्यानाला बोलावतात आणि हमखास विचारतात, सर, तुमची पहिली केस कोणती? मी एक गमतीची गोष्ट सांगतो, ते हसतात. ती गोष्ट बनवलेली आहे. पहिली केस मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. नागपुरातल्या एका परीक्षेच्या कार्यालयात गुणपत्रिका कॉम्प्युटरवर घ्यायला नुकती सुरुवात झाली होती. पाच मशिनी, एसीची खोली, आणि चपला दाराबाहेर. सहा आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेला मी एकटाच, म्हणून खोलीचा प्रमुख मी. त्याची मला चांगलीच मस्ती होती.

दोन नंबरच्या मशीनवर एक मुलगी बसायची. तीन वर्षं रोजंदारीवर होती. टायपिंग असं, की नजर कागदावरून हलत नसे. तिला कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर तयार होता, दिवाळीनंतर सही होणार होती. आईला तिने बजावून ठेवलं होतं, सही होईपर्यंत मोहल्ल्यात कुणाला सांगायचं नाही. हे तिनेच मला सांगितलं होतं. मी तिला चांगला माणूस वाटत असे.

खंडेनवमीला आम्ही मशिनींची पूजा केली. रोज सकाळी मशिनी तपासायची माझी फ्लॉपी मी ताटात ठेवली. तेव्हाची फ्लॉपी म्हणजे पापडासारखं लवलवतं काळं चौकोनी पाकीट. तिच्या कडेला एक खाच असे. खाचेवर चंदेरी पट्टी चिकटवली की मशीन ती फ्लॉपी नुसती वाचू शके, तिच्यावर लिहू शकत नसे. ओल्या कुंकवाने माझी पट्टी सुटून आली. मी आवक-जावकच्या टेबलावरून पारदर्शक चिकटपट्टी आणली, खाचेवर लावली आणि विसरून गेलो.

ती मुलगी तेवढा वेळ दाराबाहेर उभी होती. तिच्या घरच्यांनी ती जन्मायच्या आधीच, छप्पन साली, दीक्षा घेतली होती आणि पूजाअर्चा सोडली होती. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, ते सगळे दीक्षाभूमीला जात. प्रसादाचा पेढा मात्र तिने घेतला.

सुट्टी संपली आणि फ्लॉप्या बिघडू लागल्या. यादी उघडली की वर भलतंच नाव दिसायचं, आणि गुणांची अर्धी पानं वाचताच यायची नाहीत. व्हायरस हा शब्द आम्ही पेपरात वाचला होता, तेवढाच. साहेब म्हणाले, "कोन करून राहिलं हे, शोधून काढा."

मी कामाला लागलो. नेहमीप्रमाणे रोज सकाळी माझी फ्लॉपी घालून मी एकेक मशीन सुरू करी, तपासून 'ठीक' म्हणे, आणि कोणाची फ्लॉपी कधी बिघडली ते वहीत लिही. सुरुवात आता दोन नंबरपासून, कारण माझा संशय तिच्यावर. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आता सांगायची लाज वाटते. साहजिकच सर्वांत आधी तिच्या फ्लॉप्या बिघडत. आठ दिवसांत वही तिच्या नावाने भरली.

आमचा वयस्क कारकून म्हणाला, "तिनं हात तरी जोडले होते का गा पूजेले?"

मी हसलो. स्वतःला विज्ञाननिष्ठ म्हणवणारा मी, सगळ्यांसमोर तिला विचारता झालो, "काहून हो बाई, आमच्या पूजेवर राग होता का?"

ती उठून उभी राहिली. "पूजेचा काय संबंध, सर? तुमची फ्लॉपी लावली का मंगच बिघडते. तिले एकदा तपासून पाहा ना."

मी तिच्या तोंडावर म्हणालो, "चोर तो चोर, वर शिरजोर." मग फ्लॉपी उंच धरून सर्वांना दाखवली. पट्टी आहे, बघून घ्या, हिच्यावर काही लिहिलंच जात नाही.

दोन पानी अहवाल मी त्याच दुपारी दिला. रोजंदारीच्या माणसाची चौकशी कोण करतो? दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. सायकल धरून ती दुपारपर्यंत फाटकाशी उभी होती. मी खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. कायम करायचा कागद साहेबांनी फाडून टाकला.

ती गेली, पण रोग गेला नाही. मी म्हणालो, तिने मागे पेरून ठेवलाय. सगळ्यांना पटलं.

महिन्याभराने मशिनींच्या कंपनीचा इंजिनियर आला. खोलीत आम्ही दोघेच होतो. माझी फ्लॉपी त्याने खिडकीकडे धरली. "मशीन खाच उजेडाने बघतं, साहेब. या पट्टीतून उजेड आरपार जातो. लावली काय, न लावली काय." त्याने ती मशीनमध्ये घातली. वर तेच भलतं नाव आलं. सुट्टीआधी माझ्या मशीनवर आम्ही बाहेरून आणलेला एक खेळ खेळलो होतो, पट्टी बदलल्यावर रोग तिथून माझ्या फ्लॉपीत आला आणि मी तो दररोज पाचही मशिनींना वाटला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. इंजिनियरला गाडी पकडायची होती. फ्लॉपी साफ करून तो निघून गेला. मी चंदेरी पट्टी लावली आणि कुणाला काही बोललो नाही. त्या अहवालावरच मला पुढच्या प्रशिक्षणाला पाठवलं.

वर्षभराने ती सीताबर्डीवर भेटली. एका टायपिंग क्लासमध्ये शिकवत होती. मी नजर चुकवली, पण तीच पुढे आली. नमस्कार केला.

"सर, एकच विचारतो. ती तुमची फ्लॉपी मंग तपासली होती का?"

"तपासली," मी म्हणालो. "काही नव्हतं तिच्यात."

तिने मान डोलावली.

"मंग माह्याच हातून झालं असंन. मले उगाच तुमच्यावर शक होता, सर. माफ करा."

मी तिला माफ केलं.