पाचवी परीक्षा

माझं लग्न ठरायच्या दिवसांत कोथरूडच्या आमच्या दोन खोल्यांवर चाणक्याचं राज्य होतं. बाबा नुकतेच सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे आदेश फायलींना लावले, स्वतःचा आदेश काढायची वेळ काही आली नाही. निवृत्तीनंतर त्यांनी चाणक्याच्या ग्रंथाचं जाडजूड भाषांतर आणलं, तांबड्या पेन्सिलीनं खुणा करत वाचून काढलं, आणि देशाचं नेमकं कुठे चुकलं ते त्यांना महिन्याभरात कळलं. देशानं काही त्यांना विचारलं नाही. मग राहता राहिलं घर.

पेपरवाला आणि इस्त्रीवाला हे त्यांचे हेर झाले. शेजारच्या बिऱ्हाडाशी तह झाला. आई मंत्रिमंडळात होती, पण तिला ते पद नको होतं. "राजाला म्हणावं, आधी दळण घेऊन या," ती म्हणायची, आणि राजा पिशवी घेऊन निघायचा.

मंत्री नेमण्याआधी त्याची गुप्तपणे परीक्षा घ्यावी, असं चाणक्य सांगतो. परीक्षा चार: धर्माची, लोभाची, कामाची आणि भयाची. आपल्याच माणसाकरवी त्याला फितवायचा प्रयत्न करायचा, जो फितत नाही तो खरा. आपल्या मंत्र्यांची अशी परीक्षा कुणी घेत नाही म्हणून ही वेळ आली, असं बाबांचं ठाम मत होतं. मंत्री काही त्यांच्या हाती लागणार नव्हते. जावई लागणार होता.

तेव्हा पुण्यात लग्नाच्या बाजारात सॉफ्टवेअरचा भाव फार चढला होता. मीही त्याच धंद्यात होते, पण मुलींना तो भाव नव्हता. पहिलं स्थळ आलं ते सहा महिने अमेरिकेत राहून आलेलं आणि 'ॲक्च्युअली'शिवाय वाक्य सुरू न करणारं. बाबांच्या कचेरीतल्या एका स्नेह्यांनी त्याला फोन केला. आपण बंगलोरच्या कंपनीतून बोलतोय, दुप्पट पगार देतो, फक्त येताना सध्याच्या कंपनीचं सगळं काम घेऊन या, असं सांगितलं. त्यानं एकच प्रश्न विचारला: सीडीवर चालेल का?

बाबांनी त्या दिवशी चाणक्याच्या नावानं श्रीखंड आणलं. खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही चाणक्य बरा वाटला.

पण मग मीच एक नाव घरात सांगितलं. तो माझ्याच कंपनीत टेस्टिंगमध्ये होता. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घ्यायचा, जे काम पुण्यात लोक आयुष्यभर फुकट करतात. राहायला विश्रांतवाडीला. त्याच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्म स्वीकारलेला. हे मी एका दमात सांगितलं. बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मी जात बघत नाही. मी परीक्षा बघतो." मला इतका आनंद झाला की त्या क्षणभराकडे मी लक्षच दिलं नाही.

लोभाची परीक्षा पहिली. स्नेह्यांनी पुन्हा बंगलोरहून फोन केला. "आपण जर आमच्याकडे रुजू झालात," अशी त्यांनी सुरुवात केली. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "काका, इतकं शुद्ध मराठी बंगलोरला बोलत असते तर मी केव्हाच गेलो असतो." दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यानं मला विचारलं, "तुमच्याकडे कोणी टेस्टिंग करतंय का?" मी कपाळाला हात लावला आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, चिडेल. तो म्हणाला, "करू देत. पण तुझ्या बाबांना सांग, टेस्टरला कळणार नाही अशी टेस्ट लिहायला शिका."

धर्माच्या परीक्षेत त्याच स्नेह्यांनी त्याला गाठून सांगितलं, की मुलीचा बाप हेकट आहे, कधी हो म्हणायचा नाही, सरळ रजिस्टर लग्न उरका. त्यानं सांगितलं, मी थांबेन. भयाच्या परीक्षेत त्यांनी बाबांच्या संतापाची वर्णनं केली, तरी तो डगमगला नाही; ती नंतर ऐकून आईलाच हसू आवरेना. कामाची परीक्षा मात्र आईनं घेऊ दिली नाही. "लाज वाटते का या वयात?" एवढंच ती म्हणाली. मग तो एकदा घरी आला तेव्हा बाबांनी काम म्हणजे इच्छा असा अर्थ काढून त्याच्यापुढे अळूवड्यांची बशी ठेवली. त्यानं दोन खाल्ल्या आणि तिसरी नको म्हणाला. चारी परीक्षांत पास.

मी निकालाची वाट बघत होते. बाबा तांबडी पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, "कुलही बघावं लागतं. घर बघायला हवं."

"परीक्षा चारच आहेत असं तुम्हीच म्हणाला होतात."

"मंत्र्याच्या गुणांमध्ये कुल दिलंय."

"सीडीवाल्याचं कुल विचारलं होतंत?"

बाबा पुस्तकाची पानं उलटू लागले. मला त्यांचा इतका राग पूर्वी कधी आला नव्हता. हा माणूस मला आवडत होता, आणि माझे बाबाही मला आवडत होते. दोघांपैकी एकालाही मला सोडायचं नव्हतं. आईनं पोळी लाटता लाटता निवाडा दिला: "घर बघायचंय ना? मग चला, बघू या."

रविवारी दोन बस बदलून आम्ही विश्रांतवाडीला गेलो. घर आमच्यापेक्षा मोठं निघालं. त्याचे वडीलही सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पण बाबांपेक्षा दोन पायऱ्या वरच्या हुद्द्यावरून. ते कळताच बाबा खुर्चीत सरसावून बसले आणि त्यांना 'सर' म्हणू लागले. आई माझ्याकडे बघून ओठ मुडपून हसली. त्याच्या आई शाळेत गणित शिकवायच्या. फार बोलत नव्हत्या, बघत होत्या.

बाबांनी चाणक्याचा विषय काढलाच. त्याचे वडील म्हणाले, "वाचलाय ना मी. राज्य कसं मिळवावं हे त्यानं शिकवलं. पण त्याच्या राजाच्या नातवानं सगळं जिंकलं, आणि मग त्याला त्याचंच वाईट वाटलं. आम्ही त्या नातवाकडचे."

बाबा मोकळेपणानं हसले. माझा जीव भांड्यात पडला. इतक्यात त्याच्या आईंनी पाण्याचा ट्रे आणून समोर ठेवला.

बाबांना पूर्वी कधीतरी वाईट कावीळ झाली होती. तेव्हापासून ते कुठेही गेले तरी घरचं उकळलेलं पाणी सोबत नेत. लग्नकार्यात, सख्ख्या बहिणीकडेसुद्धा. आत्या त्यावरून दर दिवाळीला रुसायची. त्यांचा हात सवयीनं पिशवीत गेला, बाटली बाहेर आली, आणि ट्रेमधला ग्लास तसाच ठेवून ते आपल्या बाटलीतलं पाणी प्यायले.

तो माझ्याकडे बघत नव्हता. बाबांच्या काविळीचं मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. कशाला सांगेन? धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

आईनं बाबांना कोपरानं ढोसलं. बाबांनी आधी बाटलीकडे पाहिलं, मग ग्लासकडे, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मला कावीळ," ते म्हणाले आणि थांबले. खरं कारण तोंडातून निघालं की सबब वाटतं, एवढं राजकारण त्यांना कळत होतं. त्यांनी ग्लास उचलला आणि पिऊन रिकामा करून ठेवला.

"राहू द्या," त्याचे वडील म्हणाले. "सवय असते माणसाला."

पुढचे चार दिवस विश्रांतवाडीहून काही निरोप आला नाही. ऑफिसात तो एवढंच म्हणाला, "आईला विचार करायचाय." मी काविळीचं सांगितलं. तो म्हणाला, "माझा विश्वास आहे. पण तिच्या आयुष्यात असे ग्लास बरेच झालेत." मला रडू आलं.

घरी बाबा फोनभोवती घिरट्या घालत होते. "तुला काही बोलला का तो?" हे दिवसातून चारदा. चार गुप्त परीक्षा घेणारा माणूस निकालासाठी असा तळमळताना मला बघवत नव्हता. आणि, कबूल करते, थोडं बरंही वाटत होतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. बाबांनीच उचलला. आम्हाला ऐकू आली ती त्यांची बाजू.

"हो, बोला बाई... हो, खरंच झाली होती... नाही नाही, तुमचं चुकलं नाही." मग ते पलीकडचं ऐकत राहिले. "हो. तुम्ही विचारताय ते बरोबर आहे." मग अगदी हळू आवाजात, "खरं सांगू? मला माहीत नाही."

फोन ठेवून ते तिथेच स्टुलावर बसले.

"काय विचारलं त्याच्या आईंनी?" आई म्हणाली.

"कावीळ झाली नसती तर पहिल्यांदाच तो ग्लास उचलला असता का, असं विचारलं."

"आणि तुम्ही माहीत नाही म्हणालात?" मी ओरडले. "हो म्हणता आलं नाही, बाबा?"

"इतर कुणाला म्हटलं असतं," बाबा म्हणाले. "त्या बाईंशी खोटं बोलवेना."

आईनं विचारलं, "त्यावर त्या काय म्हणाल्या?"

बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. "म्हणाल्या, रविवारी सगळे जेवायला या."