गंज धुण्याचा रविवार

आमच्या घरात खेळण्यांच्या आधी पत्रकं आली. वडील भिवंडीच्या एका शाळेत कारकून होते आणि संध्याकाळी माग कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. नारपोलीच्या छापखान्यातून पिवळ्या कागदाचे गठ्ठे घरी यायचे. मी त्यांच्या घड्या घालत वाचायला शिकले आणि पुढे कॉलेजात गेल्यावर स्वतःच लिहू लागले. वडिलांनी एकच नियम शिकवला होता: पत्रकात ‘पण’ लिहायचा नाही. ‘पण’ आला की वाचणारा तिथूनच घरी जातो.

नव्वदीच्या सुरुवातीच्या एका मे महिन्यात काकूला मुंबईच्या इस्पितळात शेक सुरू झाले. किरणांच्या उपचाराला आमच्याकडे सगळे शेकच म्हणत. काकूच्या पोटात गाठ होती. पंचवीस शेक, आठवड्यातून पाच दिवस, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की मध्ये खंड पडता कामा नये. भिवंडीत रात्रंदिवस माग चालतात, गावागावात गोदामं उठली, पण शेक देणारं एक यंत्र इथे नव्हतं. मला त्याचा संताप यायचा. अजून येतो.

काकू-काका काल्हेरला राहायचे. जमिनीचा एक तुकडा गोदामवाल्याला देऊन काकाने लिलावातली एक जुनी पांढरी गाडी घेतली होती. त्याच गाडीतून आम्ही रोज जायचो. काका चालवायचा, मी पुढे बसायचे, काकू मागच्या सीटवर आडवी. इस्पितळात बायकांच्या बाजूला काकाला आत सोडत नसत, म्हणून मी बरोबर.

गाडी तापायची. काकाच्या विहिरीचं पाणी खाडीजवळचं, मचूळ; तेच वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये जात होतं. झाकण उघडलं की आत उकळलेल्या चहाचा रंग दिसायचा. पहिल्या दोन आठवड्यांत दोनदा वाटेत वाफा आल्या, दोनदा आम्ही उशिरा पोचलो आणि काकूचा नंबर मागे गेला. लाकडी बाकावर ती पोट धरून बसली होती.

गाडी बघायचा तो दापोड्याच्या रस्त्यावरचा उस्ताद. जौनपूरकडचा म्हातारा, टपरीवजा गॅरेज. रेडिएटर गळू लागला की तो त्यात दोन चमचे हळद टाकायचा. हळद फुगते, फटीत जाऊन बसते, गळती थांबते. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसले.

“उस्ताद, हळद कसली लावताय? इंजिनाचं लग्न आहे का?”

“ब्याह तो कब का हो गया, बेटी,” उस्ताद बोनेटमधून मान न काढता म्हणाला. “इस इंजन का और जंग का. अब तुम तलाक मत करवाओ.”

इंजिनाचं आणि गंजाचं लग्न ऐकून काका खो खो हसला. मला राग आला. या देशात प्रत्येक गोष्ट हळद लावून चालवतात, असं मी त्याला रस्ताभर ऐकवलं. त्यावर काका एवढंच म्हणाला, “बाय, उस्तादाच्या हातानं गाडी चालते तं हाय.”

“चालते कुठे? उकळते!”

हे मात्र खरं होतं.

शनिवारी मी त्याला भिवंडीत सुट्या भागांच्या दुकानात नेलं. दुकानदाराने काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. पाण्यात मिसळलं की दूध होणारं तेल, ट्रकवाले टाकतात ते. इंजिन गार ठेवणाऱ्या हिरव्या कूलंटचा डबा, ते बॅटरीच्या पाण्याबरोबर निम्मं-निम्मं घालायचं. आणि गंज काढायची पावडर. मी कूलंट आणि पावडर निवडली. दुकानदार म्हणाला, “कूलंट घालायचंय तर आधी आतलं धुवायलाच लागेल.” पावडरीबरोबर इंग्रजीत छापलेला घडीचा कागद होता. काका मराठी चौथी शिकलेला. त्याने तो कागद माझ्या हातात दिला. “काय ल्हेलंय ते मला नीट सांग.”

मी रात्री बसून त्याचं मराठी केलं. सहा मुद्दे, एका पानावर, मोठ्या अक्षरात. पावडर टाका, इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवा, पाणी काढा, स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा. मूळ कागदावर पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य होतं: इंजिन जुने व फार गंजलेले असल्यास आधी मेकॅनिककडून तपासून घ्यावे. ते मी वाचलं, त्याचा अर्थ मला कळला, आणि मी ते घेतलं नाही. ते घेतलं असतं तर काका उस्तादाकडे गेला असता, उस्तादाने नको म्हटलं असतं आणि सोमवारी आम्ही पुन्हा वाफेत उभे राहिलो असतो, असा मी विचार केला. तो ‘पण’ होता. मी तो काढून टाकला.

रविवारी सकाळी अंगणात पावडर टाकून गाडी आतून धुतली. खालचा नळ सोडल्यावर गेरूसारखं पाणी वाहिलं, त्यात हळदीचे पिवळे गोळे. मग तपकिरी, मग फिकट, मग नितळ. शेवटी हिरवं कूलंट भरलं. काकू ओटीवर बसून बघत होती. “पोरी, एवढी घाण तं माझ्या पोटात पन नसंल,” ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

सोमवारी, मंगळवारी गाडी गार राहिली. तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही, काकूचा नंबर वेळेवर लागला. मी मनात माझ्या पुढच्या पत्रकाची वाक्यं जुळवत होते.

बुधवारी कशेळीच्या पुलावर ट्रकांची रांग लागली होती. खाडीवर वारा नव्हता. काटा थोडा वर चढला. मग गोड वास आला.

“गुळाच्या पाकावानी वास येतोय,” काका म्हणाला. “थांबून बघतो जरा.”

मी काट्याकडे पाहिलं. तो खाली येत होता. मध्याच्याही खाली. “काका, काटा उतरतोय. गार होतंय. आता थांबलात तर नंबर जाईल.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग काट्याकडे, आणि गियर टाकला.

पूल ओलांडून थोडं पुढे गेल्यावर बोनेटखाली हातोडे पडल्यासारखा आवाज झाला आणि गाडी थांबली. काका किल्ली फिरवत राहिला. मागून काकू विचारत होती, “आलं काय इस्पितळ?”

उस्ताद दुसऱ्या दिवशी येऊन गाडीखाली शिरला. इंजिनाच्या मागच्या अंगाला आतलं पाणी अडवणारं पत्र्याचं एक गोल बूच असतं. ते कधीचं सडलं होतं; गंजाच्या थरानेच धरून ठेवलं होतं. मी थर धुऊन काढला आणि बूच फुटून कूलंटसकट सगळं पाणी रस्त्यावर गेलं; गोड वास त्याचाच होता. मी काट्याचं विचारलं. उस्ताद हात पुसत म्हणाला, “पानी ही नहीं बचा, तो काँटा क्या नापेगा?” त्याने थट्टा केली नाही. केली असती तर बरं झालं असतं.

इंजिन जाम झालं होतं. पंचविसांपैकी बारा शेक झाले होते. शेजाऱ्याच्या जीपने एक दिवस नेलं. मग एक दिवस एस.टी.ने. त्या दिवशी काकू उतरल्यावर स्टँडवरच बसली, तिचं लुगडं भिजलं होतं. तिला झाकायला मी तिच्यासमोर उभी राहिले. त्या रात्री तिने सांगून टाकलं, “मी आता न्हाय जायची.” काकाने हात जोडले. न्हाय म्हणजे न्हाय. दोन आठवड्यांनी दुसरी गाडी मिळाली आणि ती कशीबशी तयार झाली, तेव्हा डॉक्टरने कार्ड पाहिलं, तारखा मोजल्या आणि विचारलं, “मधे का आला नाहीत?”

“गाडी बंद पडली,” काका म्हणाला.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. उरलेले शेक देऊ, म्हणाला, परंतु एवढ्या खंडानंतर किती उपयोग होईल ते सांगता येत नाही. मी शेजारी उभी होते. जिथे तिथे बोलणारी मी, तिथे बोलले नाही.

काकू दिवाळीच्या आधी गेली. खंड पडला नसता तर जगली असती का, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलेलं नाही. तेराव्यानंतर मी काकाला पावडरीच्या कागदातलं गाळलेलं वाक्य सांगितलं. तो ओटीवर बिडी ओढत होता.

“मला इंग्रजी येत न्हाय म्हनून तुला दिला व्हता कागद,” तो म्हणाला. “माझ्या वाटचं डोकं चालवायला न्हाय दिला.”

मग आत जाऊन त्याने मला चहा आणून दिला. भांडला नाही. आमच्या घरी तो अजूनही येतो, वडिलांशी बोलतो, माझी चौकशी करतो. गोदामवाल्यांचे, तलाठ्याचे कागद त्याला सारखे येत असतात. पूर्वी ते तो माझ्याकडे आणायचा. आता दापोड्याच्या एका गोदामातल्या कारकुनाकडे नेतो आणि प्रत्येक ओळ त्याच्याकडून दोनदा वाचून घेतो.