कोण गेलं?

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बाजेची दोरी कसणं. बाज पार झोळीसारखी झाली होती. तिनं एका अंगाला बसून दोरी धरायची, मी पायाचा रेटा देऊन ओढायची.

"ओढा ना जोरानं, जेवले नाई का?"

"तूच सैल धरून राह्यली, अन् नाव माह्यावर."

एवढंच बोलणं झालं. त्यात काही मोठं नाही. दोरी कसल्यावर तिनं बाजेवर गोधडी टाकली अन् म्हणाली, जरा पडते, छातीत भरून आल्यासारखं वाटून राह्यलं. तीस वर्षांच्या संसारात ही बाई दिवसाउजेडी कधी आडवी झाली नव्हती. हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. आलं नाही. माझं ध्यान रेडिओत.

मी ग्रामपंचायतीचा शिपाई, दुसरी शिकलेला. चावडीचं छप्पर दुरुस्तीला उघडलं होतं म्हणून पंचायतीचा रेडिओ महिनाभर माझ्या घरी अन् त्याचा भोंगा माझ्या घरावर होता. गावानं काय ऐकायचं ते माझ्या बोटावर. माणूस बिघडायला एवढी सत्ता पुरते.

शेतीच्या कार्यक्रमाला अजून तासभर होता. मी बसल्या बसल्या काटा फिरवला, तर कुठलं तरी दूरदेशचं स्टेशन लागलं. नुसत्या तारा. तबला नाही, पेटी नाही, गाणारा नाही. आधी तर आग्यामोहोळावर दगड मारावा तशी थरथर उठली, सगळे एकदम अंगावर आल्यासारखे. मग ते थांबलं अन् फार हळू, फार गोड काही सुरू झालं. मला समजलं काहीच नाही, पण हात काट्यावरून निघेना.

शाळेचे मास्तर आमच्या शेजारी राहत. पुण्याकडचे माणूस, इंग्रजी समजायची. ते धावत दारात आले. "अहो, राहू द्या, राहू द्या! फिरवू नका!" म्हणाले. मी ओट्यावर गेलो. त्यांनी सांगितलं ते असं: चार जण वाजवतात. दोन लहान व्हायोलिनं, एक त्याहून मोठं, एक मांडीत धरायचं. रचणारा जर्मनीचा. त्याची मोठी बहीण, तीही गाणं रचणारी, एकाएकी गेली. हा दूर गावी होता, मातीलाही पोचला नाही. त्या उन्हाळ्यात त्यानं हे लिहून काढलं अन् हिवाळ्याच्या तोंडाला आपणही गेला.

आतून ती म्हणाली, "अवो, रेडू बंद करा ना. जीव घाबरून राह्यला."

मी म्हणालो, "थांब वं, मास्तर सांगून राह्यले."

आता आमच्या गावाची एक गोष्ट सांगतो. रेडिओवर बोलणं थांबून नुसत्या तारा वाजल्या म्हणजे दिल्लीत कोणी मोठा माणूस गेला, हे आमच्याकडे पक्कं. मागे मोठे पुढारी गेले तेव्हा तसंच वाजलं होतं. भोंग्यातून ते हळू सूर गावभर गेले अन् माणसं माझ्या दाराशी जमू लागली. किराणावाल्यानं दुकानाच्या फळ्यासुद्धा लावल्या. एका म्हाताऱ्यानं पटका काढून हातात घेतला.

"कोन गेलं बे?"

"कोनी गेलं नाई."

"मंग काऊन रडून राह्यला तो?"

"त्याची बहीण मेली."

"रेडूवाल्याची?"

"गाणं रचनाऱ्याची. शंभर वर्सं झाले."

"अन् आपल्याले आज सांगून राह्यले? तार लय लेट आली म्हना!"

सगळे हसले. मी तर फार हसलो. पुन्हा पुन्हा तेच सांगत होतो, घरी जा, कोणी गेलं नाही, कोणी मेलं नाही. आतून तिनं आणखी एकदा हाक दिली, नुसतं "अवो". मी ऐकली. ऐकली नाही असं म्हणता आलं असतं, पण ऐकली. मला वाटलं रेडिओचंच म्हणत असेल. त्यानंतर हाक आली नाही, तर बरं वाटलं.

वाजणं संपलं तेव्हा आत गेलो. नव्यानं कसलेल्या बाजेवर ती कुशीवर होती. हात माझ्याकडे, म्हणजे दाराकडे.

पुढे गावात बोलवा झाली की रेडिओला आधीच कळलं होतं. रेडिओला काय कळतं? लाकडाचं खोकं ते. बायका म्हणाल्या, भाग्याची, सवाष्ण गेली, वाजंत्री लावून गेली. मास्तर म्हणाले, दुःखातून माणसाच्या हातून मोठं काम होतं, त्या जर्मन माणसाचं बघा. ते भले माणूस. पण माझ्या दुःखातून काही झालं नाही. चूल पेटवायला शिकलो, एवढंच. अन् त्या जर्मन माणसाचं मला कौतुकही नाही. त्याची बहीण गेली तेव्हा तो परगावी होता. त्याला रडायचा हक्क होता. मी सात पावलांवर होतो.

तिच्या माहेरी, देऊळघाटला, त्याच संध्याकाळच्या गाडीनं माणूस धाडला होता. भाऊ आल्याशिवाय, माहेरचं लुगडं आल्याशिवाय तिला उचलायची नव्हती. सकाळी पहिल्या गाडीनं तो आला. बगलेत हिरवं लुगडं, पायात वहाण नाही. आधी तिच्याजवळ बसला, मग माझ्याकडे आला.

"भाऊजी, बाई काई बोलली का जाताना?"

ओट्यावर कालचीच माणसं बसली होती. मास्तरही होते. मी म्हणालो, "काईच नाई. झोपेतच गेली. हाकसुद्धा नाई मारली."

"तरास नाई झाला ना तिले?"

"नाई."

तो खाली वाकला, माझे दोन्ही पाय धरले अन् रडत म्हणाला, माह्या बाईले तुमी सुखात ठेवलं.

मी पाय मागे घेतले नाहीत.