ग्रॅममध्ये लिहिलेलं कालवण

शेजारच्या फ्लॅटमधून बीफ चिलीचा वास आला, की मला परदेशातल्या, पुंगोलच्या आमच्या स्वयंपाकघरातली ती सकाळ आठवते. आई महिनाभर राहून दुसऱ्या दिवशी गावी परतणार होती, आणि मी पाककृतींच्या इतिहासावरचं एक जाडजूड पुस्तक नुकतंच संपवलं होतं. त्यात लिहिलं होतं, की जुन्या पाककृतींत मापं नसत, कारण वाचणाऱ्याला स्वयंपाक येतच असे. मापं आली ती न येणाऱ्यांसाठी. मी त्यांतलाच एक, म्हणून तिच्या हातचं बीफचं कालवण उतरवून घ्यायला मी ओट्यावर डिजिटल वजनकाटा मांडला आणि इंजिनिअरच्या गांभीर्याने म्हणालो, "आई, जे घालशील ते आधी यावर ठेव." तिने मूठभर तिखट वाटीत टाकलं, काट्यावरचा आकडा पाहिला आणि अर्धं परत डब्यात ओतलं. "का गं?" "एवढं तिखट लिहून ठेवशील, तर वाचणारे काय म्हणतील?" मीठ, तेल, येसूर मसाला, सगळ्यालाच तिचा हात असा आखडत गेला. शेवटी तर चमचा तसाच धरून तिने मलाच विचारलं, "आता किती घालू रे?" मांस मऊ शिजलं, पण रश्श्याला चव नव्हती. "पुढच्या वेळी तो काटा नको बाबा," जेवताना ती म्हणाली. पुढच्या वेळेआधी तीच गेली. त्या दिवशी मापं टिपलेली वही माझ्याकडे आहे. वहीबरहुकूम करतो, तेव्हा कालवण अगदी त्या दिवसासारखं होतं, तेवढंच बेचव.