यमुनाबाईंच्या तीन गाठी

यमुनाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ब्रह्मपुरीतल्या माझ्या छापखान्याच्या माळ्याला लावलेल्या शिडीवर उभा होतो. त्यांचंच पहिलं लेबल शोधत होतो. त्यांच्या खटल्याची सुनावणी दीड महिन्यावर आली होती आणि वकिलांनी त्या दिवशी सकाळीच आठवण करून दिली होती. फोनवर त्यांची मुलगी वंदना एवढंच म्हणाली, "काका, आई गेली... पन तुमी शोधनं थांबवू नका." मी खाली उतरलो, धुळीचे हात धुतले आणि त्यांच्या गावाकडची जीप पकडली.

यमुनाबाई तलावावर मासे धरणाऱ्या घरच्या. सुकवलेल्या झिंग्यांची त्यांची चटणी आठवडी बाजारात दुपारपर्यंत संपून जायची. पुडीचं तोंड त्या जाळ्याच्या दोऱ्याने बांधायच्या, लागोपाठ तीन गाठी मारून. लोक त्या चटणीलाच तिगाठी म्हणू लागले. गडचिरोलीतले दुकानदार माल मागायला लागले तेव्हा त्या लेबल छापायला माझ्याकडे आल्या. तीन गाठींचं चित्र, खाली नाव. नमुना छापला की मी गिऱ्हाईकाची त्यावर तारखेसह सही घेतो, तशी त्यांचीही घेतली. सहीला त्यांनी बराच वेळ लावला. मग माझ्या टेबलावरचे ढिले गठ्ठे पाहून हसल्या. "भाऊ, तुमची गाठ म्हंजे नुस्ती फजिती." आणि पुढे दरवेळी माझे गठ्ठे त्यांनीच बांधून दिले.

नावाची नोंदणी करून घ्या, हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मला ते ठाऊक होतं. पण सांगितलं ते गुळमुळीत. त्या म्हणाल्या, "नाव तं लोकायनंच ठेवलं. ते माह्यापासून कोन नेते?" त्यांच्या गावात जाळं तलावाकाठी पडून राहिलं तरी कोणी उचलत नाही. गाठ पाहिली की कोणत्या घरचं ते कळतं. सगळं जग त्या गाठीला मान देईल असं त्यांना वाटलं, आणि मीही "माल चालू द्या, मग पाहू" म्हणून मोकळा झालो.

राजुऱ्याकडचा एक व्यापारी त्यांची चटणी घाऊक न्यायचा. तो एकदा छापखान्यात आला, म्हणाला, बाईंनी पाठवलंय, मोठी पाकिटं करायची आहेत. मी त्यांना एक फोनही केला नाही. चित्राची फाइल पेनड्राइव्हवर देऊन टाकली.

दोन वर्षांनी नोटीस आली. तिगाठी हे नाव आणि चित्र त्या व्यापाऱ्याच्या नावावर नोंदलेलं होतं, आणि यमुनाबाईंनी ते वापरणं ताबडतोब थांबवायचं होतं. दुकानदारांनी त्यांच्याच पुड्या परत पाठवल्या. त्या नोटीस घेऊन छापखान्यात आल्या. "नकली म्हंते भाऊ तो. माह्याच चटनीले!" मग त्याचं पाकीट टेबलावर ठेवून विचारलं, "हे चित्र एकदम माह्यासारखं कसं?"

मला खोटं बोलता आलं असतं. जीभ तिथपर्यंत गेलीही होती... "मीच दिलं," म्हणालो. चहा आला होता, तो तसाच ठेवून त्या निघून गेल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी त्यांच्यासाठी गाठलेल्या वकिलांनी सांगितलं की नोंदणी त्याची असली तरी वापर आधी यांचा आहे, ती रद्द करून मागता येईल. फक्त तारखेचा पुरावा लागेल. बाजारात पुडी विकणाऱ्या बाईकडे पावती कुठली? माझा जुना संगणक भंगारात गेलेला. उरला तो सही केलेला नमुना. आपण तो टाकला नाही, एवढंच मला आठवत होतं. तोवर यमुनाबाईंचा दमा वाढला होता. शेवटचं भेटलो तेव्हा खाटेवरूनच त्यांनी विचारलं, "सापडलं का भाऊ?" "शोधून राह्यलो," म्हणालो. नाई म्हणायची हिंमत झाली नाही.

तेरवीनंतर वंदना स्वतःच आली आणि माळ्यावर चढली. उंदरांनी निम्मे गठ्ठे कुरतडले होते, माझे ढिले गठ्ठे सुटून पसरले होते. पार मागे एक गठ्ठा जसाच्या तसा होता, तीन गाठींचा. मी कात्री आणली, पण हात पुढे होईना. वंदनाने दोऱ्याचं एक टोक निवडून ओढलं आणि तिन्ही गाठी सरसर सुटल्या. चौथा कागद तोच होता. तीन गाठींचं चित्र, खाली तारीख, आणि वेळ लावून केलेली ती सही. आम्ही दोघंही रडलो.

निकाल अजून यायचा आहे. आता लेबल छापायला कोणी आलं की मी आधी नोंदणीच्या अर्जाचं विचारतो, मगच मशीन सुरू करतो, गिऱ्हाइकं कंटाळतात. वंदनाने त्या दिवशी नमुना पिशवीत ठेवला, बाकीचे कागद नीट लावले आणि त्याच दोऱ्याने गठ्ठा पुन्हा बांधला. तो आता माळ्यावर नाही, माझ्या टेबलावर असतो. तिसरी गाठ आवळताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली,

"काका, आता हे कोनाले देऊ नका."