मारोतीभाऊचे तास

आमच्या साइटवर सिमेंट संपतं, डिझेल संपतं, किस्से काही संपत नाहीत. ते कुणी मुद्दाम जमवत नाही. डबे उघडून चार माणसं बसली की एकावर एक साठत जातात. हेडऑफिसने सॉफ्टवेअर घेतल्यापासून तर ते ठेवायला जागा उरलेली नाही.

सावलीकडच्या एका नाल्यावर आमच्या कंपनीचं पुलाचं काम चालू आहे. मी तिथला टाइमकीपर, म्हणजे हजेरीबाबू. पूर्वी माणूस आला की हजर, नाही आला की गैरहजर, इतकं सोपं होतं. आता नुसतं येऊन भागत नाही. त्याचा प्रत्येक तास पुलाच्या बजेटमधल्या कुठल्या ना कुठल्या हेडला जोडावा लागतो : खोदकाम, सळई, सेंट्रिंग, काँक्रीट. जो तास कशालाच जोडला नाही, तो झालाच नाही असं समजायचं. तास मुकादमाने भरायचे, पंधरवड्याला खाली सही मी करायची.

हे शिकवायला नागपूरहून नेहा मॅडम आल्या. पोरगी हुशार, समजावलंही छान; माझे स्वतःचे तासही देखरेख या हेडात भरावे लागतात म्हणाल्या. शेवटी कुणाला काही विचारायचंय का म्हणाल्या, तर आमचे मुकादम पुंडलिकभाऊ उठले. चहाचा टाइम कोणत्या हेडात टाकायचा? मॅडम म्हणाल्या, चहा बजेटमध्ये नाही.

दुसऱ्या दिवशी चहाची किटली आली आणि सगळी गँग पायाच्या खड्ड्यात उतरून उभ्या उभ्या चहा प्यायला लागली. मी वरून विचारलं, हे काय चाललंय?

"खोदकामात आहो, बाबूजी," पुंडलिकभाऊ खालून म्हणाले.

* * *

त्याच ट्रेनिंगमध्ये आणखी एकाने प्रश्न विचारला होता, पण त्यावर कुणी हसलं नाही. मारोतीभाऊ. पुंडलिकभाऊंच्याच गावचा, एकाच तलावावर मासे धरून मोठी झालेली ही सगळी मंडळी. त्याने विचारलं, "नाव कधी कटते, मॅडम?"

मॅडम म्हणाल्या, पंधरा दिवस एकही तास भरला नाही की सिस्टिम आपोआप नाव बंद करते.

मारोतीभाऊच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डायलिसिससाठी चंद्रपूरला जावं लागे, आणि ते चालायचं कंपनीच्या विमा कार्डावर. नाव बंद तर कार्ड बंद, कार्ड बंद तर चंद्रपूर बंद. साइटवर हे सगळ्यांना ठाऊक होतं. जमेल त्या दिवशी तो यायचा आणि ताज्या काँक्रीटवर पाणी मारत बसायचा. तेवढे तास त्याच्या नावावर चढले की मलाच हायसं वाटायचं.

* * *

हेडमधले तास बजेटच्या वर गेले की ती ओळ लाल होते. एकदा सेंट्रिंगची ओळ लाल झाली आणि आठवडाभरात मॅडमचा फोन आला. पुलाचे खांब अजून अर्धेच उभे आहेत, मग रंगकामाचे तास निम्मे संपले कसे?

मी पुंडलिकभाऊंना धरलं. त्यांना त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं.

"ते सेंट्रिंग लाल झालं होतं ना, बाबूजी. त्याच्यावरच किती बोजा टाकाव? रंगाचं तं सारं रिकामंच पडून होतं."

रंगकाम परत कोरं करायला माझा अख्खा दिवस गेला. या माणसाला बजेट कळत नाही असं मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिला त्यांचं म्हणणं बरोबर वाटलं.

* * *

मग वाघाचा दिवस. सकाळी बघतो तर साहेब नाल्यापलीकडे, आमच्या मिक्सरसमोर आरामात बसलेले. काम ठप्प. पण तास कुठेतरी टाकायलाच हवेत, म्हणून पुंडलिकभाऊंनी सगळ्यांचे सेफ्टी या हेडमध्ये टाकले. मॅडमनी फोनवर विचारलं, दिवसभर सेफ्टीचं नेमकं काय काम केलं?

"तो उठून जायची वाट पाह्यली," पुंडलिकभाऊ म्हणाले.

 मॅडमनी ते तास मंजूर केले.

* * *

दिवाळीनंतर मारोतीभाऊला चंद्रपूरच्या दवाखान्यात भरती केलं आणि त्याचं येणं पुरतं थांबलं. मी रोज सकाळी जीव मुठीत धरून स्क्रीन उघडायचो. पंधरा दिवस उलटले तरी त्याचं नाव चालूच! खाली बघितलं तर रोजचा एक तास खोदकाम, एक सळई, एक सेंट्रिंग, एक काँक्रीट. आणि गँगमधल्या चौघांच्या नावावर रोज एकेक तास कमी.

पुंडलिकभाऊंनी काही लपवलं नाही.

"तलावात जाळं टाकलं का घरी बिमार पडलेल्याचाबी वाटा निंगते, बाबूजी. मासे तं त्यानं नाई धरले."

हेडचा हिशेब चोख होता, बजेटला धक्का नव्हता. मला रागही आला, कारण खाली सही माझी. पण मी सही केली.

सॉफ्टवेअरने मात्र पकडलं. एक माणूस रोज चार ठिकाणी चार कामं करतो कसा? मॅडम स्वतः आल्या. पुंडलिकभाऊंनी त्यांनाही तलावाची रीत सांगितली. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हे चालणार नाही, ही खोटी नोंद आहे. पुंडलिकभाऊंनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "मंग त्याचा वाटा कुठी टाकाव, मॅडम? तुमीच हेड सांगा."

 मॅडम माझ्या खोलीत आल्या आणि लॅपटॉप उघडून मारोतीभाऊच्या नोंदी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचल्या. निघताना मारोतीभाऊ कोणत्या वॉर्डात आहे ते विचारलं आणि गाडीत बसल्या.

आम्ही समजून चुकलो की आता नाव गेलं. 

सोमवारी मी स्क्रीन उघडली. मारोतीभाऊचं नाव चालू होतं. गँगने दिलेले चारही तास जागच्या जागी होते, आणि त्यांच्याखाली आणखी एक तास, जो आमच्यापैकी कुणीच भरलेला नव्हता. त्याच्यापुढे हेड लिहिलं होतं : मुख्य कार्यालय, नागपूर. देखरेख.